कोरा फिल्टर आणि भंडारा

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहायच्या तर आधी हातून पुरेशी नोकरी झालेली असावी. माझी अजून धड नोकरीही नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर सोलापुरातल्या एका मोटार कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम, असं माझं चाललेलं आहे. ज्या पानांवर निवृत्त स्टेशनमास्तर आणि डॉक्टर लिहितात, तिथे मी लिहिणं मलाच आगाऊपणाचं वाटत होतं. आमच्या मराठीच्या मॅडमना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अरे, आम्ही गाडी सर्व्हिसिंगला टाकतो आणि तुम्ही लोक फोनवर जे विचारता त्याला घाबरून हो म्हणतो. त्यातलं खरं किती ते तरी लिही." मॅडमचा शब्द मोडवला नाही. चुकलं-माकलं तर वाचकांनी विद्यार्थी समजून माफ करावं. गाडीच्या एका गोष्टीबद्दल मात्र मी आता खात्रीने बोलू शकतो, आणि तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे.

माझं गाव माळशिरस तालुक्यात. घरी मेंढरं आहेत. नाव बिरू, कारण आमचं दैवत बिरोबा. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे मी सोलापुरात नक्की काय करतो हे आईला सांगताना अजूनही अडचण होते. माझ्या हुद्द्याला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतात. आईला मी सांगितलं, "गाडीवाला आणि मिस्त्री यांच्या मधे उभा राहतो." ती म्हणाली, "म्हंजी दोघांच्याबी शिव्या तुलाच." काम तिला बरोबर कळलं होतं.

आता त्या एका गोष्टीबद्दल. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना माहीत असतं. ते श्वासही घेतं हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. बॉनेट उघडलं की एक काळा प्लास्टिकचा डबा दिसतो. त्याच्या आत घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर असतो. बाहेरची हवा त्यातून गाळली जाते आणि जाड रबरी नळीतून पुढे जाते. नळीच्या टोकाला एक गोल झाकण असतं, त्याला थ्रॉटल म्हणतात. आपण पाय दाबला की ते उघडतं आणि इंजिनाला हवा मिळते. या झाकणावर आणि आसपास हळूहळू तेलाची वाफ बसते, काजळी धरते. फार धरली की झाकण चिकटतं. मग गाडी उभी असताना थरथरते, गचके देते, सिग्नलला बंद पडते. अशा वेळी त्यावर औषधाचा फवारा मारून ब्रशने आणि कापडाने ते पुसून काढायचं. याला आमच्याकडे इंटेक क्लीनिंग म्हणतात.

काम खरं आहे. पण ते मीटरचा आकडा बघून जवळजवळ प्रत्येक गाडीला सुचवलं जातं, तिथे घोळ आहे. गाडीबरोबर मिळणारं पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून असतं. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची ती पुस्तकं मी वाचली. त्यांत फिल्टर कधी बदलायचा ते लिहिलेलं होतं. इंटेक क्लीनिंग ठरावीक अंतराने कराच, असं मला त्यांत कुठे सापडलं नाही. म्हणजे ते लक्षण बघून करायचं काम आहे. थंडीताप नसताना कुणी औषध घेत नाही, तसंच.

हे मला स्पष्ट दिसलं ते भवानी पेठेतल्या पद्मावती बाईंच्या गाडीमुळे. बाई निवृत्त शिक्षिका. घरात तेलुगू, बाहेर खणखणीत मराठी. त्यांच्या गाडीचा फिल्टरचा डबा उघडला आणि मी दचकलो. आत पांढऱ्या कापसाचा जाड थर होता, उशी फाडल्यासारखा. बाई शेजारच्या यंत्रमाग कारखान्याच्या खिडकीला तोंड करून गाडी लावत होत्या आणि मागाचं सगळं तूस गाडी ओढून घेत होती.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "माझी गाडी चादर विणायला लागली की काय?"

इतकं मळलेलं बघून कुणीही इंटेक क्लीनिंग करा म्हणालं असतं. पण आमचा मिस्त्री रफिकभाई याने फिल्टरच्या पुढची नळी काढली. मी एक पांढरा टॉवेल बोटाला गुंडाळून आत फिरवला. टॉवेल जवळपास तसाच बाहेर आला. फिल्टरने आपलं काम चोख केलं होतं. मी बाईंना टॉवेल दाखवला आणि म्हणालो, "फिल्टर बदला, गाडी उलट्या तोंडाने लावा. साफसफाई नको."

बाईंनी पस्तीसएक वर्षं वर्गाला गप्प बसवलेलं. त्यांचा आवाज पेठभर पोचतो. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की तिथे एक नको म्हणणारा मुलगा आहे. लोक येऊन मलाच विचारू लागले. रफिकभाईने माझं नावच ठेवलं, 'नक्को बिरू'. गाडी आली की तो ओरडायचा, "नक्को बिरू, आओ, तुम्हारा गिऱ्हाईक आया!"

हे मॅनेजर बिराजदार साहेबांच्या कानावर जाणारच होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी टॉवेल घेऊनच गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला.

"नको म्हणायला काय लागतं बिरू? लोकांना नको ऐकायला गोडच वाटतं," ते म्हणाले. "उद्या खरंच हवं असेल तेव्हा तुझ्या तोंडून 'हवं' निघेल का? एक लक्षात ठेव. नको म्हणताना दाखवायचं आणि हवं म्हणतानाही दाखवायचं. न दाखवता काही बोललास तर मात्र मी खपवून घेणार नाही."

मला वाटलं, साहेब मला धाक घालत आहेत. ते काय म्हणत होते ते मायाप्पा मामांची पिकअप आली तेव्हा कळलं.

मायाप्पा मामा दुधनीजवळच्या एका वस्तीवरचे. मेंढरं, थोडी शेती, आणि पेट्रोलवर चालणारी एक छोटी पिकअप. दुपारी ती आत आली ती गचके देत, आणि माझ्यासमोर बंदच पडली. गाडी चालवत होता मामांचा पुतण्या सिद्धू. मध्ये मामा, पिवळा फेटा बांधलेले. खिडकीशी एक मुलगी, माझ्याच वयाची, ओठ घट्ट मिटून बसलेली. ती मामांची मुलगी रेणुका.

मामा उतरले आणि थेट माझ्याकडे आले. "तू तो न्हाय म्हननारा पोरगा काय, तम्मा? आमच्या अडत्यानं सांगितलं तुझं." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

"हो मामा, मीच. काय झालं गाडीला?"

"गाडीला काय झालंय का पोरीला, त्येच तर इच्यारायला आलोय."

हळूहळू सगळं कळलं. ही पिकअप रेणुकाच चालवायची. मेंढरं, भाजी, कडबा, सगळं घेऊन ती दुधनीला आणि कधी सोलापूरपर्यंत यायची. भावकीत ते बऱ्याच जणांना खपत नव्हतं. त्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत पालखीच्या पुढे हीच गाडी होती आणि स्टेअरिंगवर रेणुका. जत्रा झाली आणि गाडी गचके द्यायला लागली. मग बोलणं सुरू झालं. काहीजण म्हणाले, देवाला आवडलं नाही. सिद्धू म्हणत होता, देवाचं राहू दे, हिला क्लचच दाबता येत नाही, हिने गाडीची वाट लावली. मामांनी चावी काढून घेतली होती.

"मागच्या आठवड्यात हितंच येऊन गेलो," मामा म्हणाले. "तुमच्यातल्या एका सायबानं मीटर बगितला आनि म्हनला, हवेची नळी साफ करा. सिद्धू म्हनला, ह्ये तर समद्यांनाच सांगत्यात. म्हनून परत गेलो. आता तूच बोल. गाडीत खोट असंल तर चावी पोरीची. गाडी चांगली असंल तर खोट पोरीच्या हातात हाय. मंग गाडी सिद्धू चालवंल."

"अप्पा, म्या किती येळा सांगितलं," रेणुका पहिल्यांदा बोलली. "उभी आसतानाच बंद पडती. उभ्या गाडीत हाताचा काय संबंध?"

"तुझी ती मऊ चप्पल घालून चालिवती न्हवं," सिद्धू म्हणाला.

"तू बूट घालून आत आणलीस. बंद पडलीच की!"

रफिकभाई हसला. मला हसता येईना. मी नको म्हणणारा म्हणून हे लोक इतक्या लांबून आले होते, आणि यावेळी माझं नको त्या मुलीच्या हातातून स्टेअरिंग काढून घेणार होतं.

मी बॉनेट उघडलं. रफिकभाईने डब्याच्या क्लिपा सोडल्या आणि फिल्टर बाहेर काढला. पांढराशुभ्र. कागदाच्या घड्यांवर धुळीची बारीक रेघही नाही.

"बग तम्मा, कोरा हाय!" मामांनी फिल्टर हातात घेतला. त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. फिल्टर कोरा म्हणजे गाडी चांगली, आणि गाडी चांगली म्हणजे काय, हे त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. त्यांना चावी पुतण्याला द्यायची नव्हती, हे मला त्या क्षणी दिसलं.

"झालं की मंग," सिद्धू म्हणाला. "हवा साफ हाय."

नको हा शब्द माझ्या अगदी ओठावर आला होता. सवयच तशी झाली होती. पण मला साहेबांचं बोलणं आठवलं आणि मी टॉवेल शोधायला वळलो. वळताना हात बॉनेटच्या बिजागरीला लागला. बोटं पिवळी झाली.

तो रंग मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी तो देवळीत पितळी डबीत असतो. भंडारा, देवाची हळद. मी वाकून बघितलं. वायपरच्या खाचेत भंडारा, बॅटरीच्या कडेला भंडारा, डब्याच्या क्लिपांच्या बेचक्यात भंडारा. जत्रेत मूठ-मूठ नाही, पोत्यांनी उधळतात. सगळं बॉनेट आतून पिवळं, आणि ज्याचं कामच धूळ अडवायचं तो फिल्टर पांढरा?

"मामा, हा फिल्टर कधी बसवला?"

"जत्रंच्या आदी. गाडी धुतली, नवा फिल्टर आनला, हार घातला. देवाम्होरं जायाचं म्हनल्यावर समदं नवं नको?"

"आणि जत्रेत गाडी चालू होती?"

"चालू न्हाय तर काय. पालखीच्या म्होरं सावकाश, सकाळधरनं."

"मग याला भंडारा कसा लागला नाही?"

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढं शिकून पोराला साधी गोष्ट कळत नाही. "लागंल कसा? जत्रंत न्हेलाच न्हाय त्येला! कोरा करकरीत फिल्टर, भंडाऱ्यात वाया जाईल म्हनून पहाटंच काढून ट्रंकंत ठिवला. दुसऱ्या दिवशी परत बसिवला."

रफिकभाईने पाना खाली ठेवला. "या अल्ला," तो हळूच म्हणाला, "बिना फिल्टर के जत्रा घुमाए."

"अप्पा!" रेणुकाने कपाळाला हात लावला. "मला सांगायचं की! म्या दिसभर पिदडली तिला तशीच!"

पुढची नळी रफिकभाईने काढली. मी मामांना जवळ बोलावलं, सिद्धूलाही. त्यांच्यासमोर नवा पांढरा टॉवेल बोटाला गुंडाळला आणि आत फिरवला. बाहेर आला तो हळदीत बुडवल्यासारखा. थ्रॉटलच्या झाकणावर तेल आणि भंडारा मिळून पिवळा-काळा लगदा घट्ट बसला होता. झाकण बोटाने ढकललं तरी हलायला कुरकुरत होतं.

"मामा, साफसफाई हवीच आहे," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी हा शब्द कधी म्हटला नव्हता. "आणि यात चालवणाऱ्याच्या हाताचा काही संबंध नाही. कुणीही चालवली असती तरी हेच झालं असतं."

मामांचं त्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पिवळा टॉवेल माझ्या हातून घेतला आणि कपाळाला लावला. मग त्यांनी विचारलं, "आता ह्यो भंडारा गटारात जानार व्हय?"

याचं उत्तर गाडीच्या कुठल्याच पुस्तकात नसेल. फवारा मारला की सगळं वितळून खालच्या ट्रेमध्ये गळतं आणि तिथून नालीत जातं. मी रफिकभाईकडे बघितलं. त्याने फवाऱ्याचा डबा बाजूला ठेवला, कोरडा ब्रश घेतला. "रुको मामा. पहले तुम्हारा भंडारा निकाल लेते, बाद में औषध मारते." नळीच्या आतून सुका भंडारा त्याने अलगद झटकून काढला. मी खाली टॉवेल धरला. रेणुका दुसऱ्या टोकाला होती. जेवढा निघाला तेवढ्याची मामांनी पुरचुंडी बांधली आणि फेट्याच्या घडीत खोचली. मग फवारा झाला.

गाडी चालू केली. ती उभ्या जागी शांत गुरगुरत राहिली. रेणुका आत बसली, फाटकाबाहेर एक फेरी मारून आली. एकही गचका नाही. मामांचा चेहरा उजळला आणि ते मला म्हणाले, "आता गाडी पक्की झाली म्हन, तम्मा."

इथे हो म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मी जे दाखवू शकत नव्हतो त्याबद्दल पक्कं बोलणं मला जमलं नाही. मी सांगितलं, "नळी आणि झाकण साफ झालं. त्याच्या पुढे इंजिनात जे गेलं ते आपल्याला दिसत नाही. हळद जळून जाईल. पण तिच्याबरोबर रस्त्याची मातीही गेली असणार, ती घासते. काही महिने तेलावर लक्ष ठेवा. तेल कमी व्हायला लागलं, निळा धूर आला, तर लगेच या."

"म्हंजी अजून खोट असंल आत," सिद्धू म्हणाला. "मंग तवर गाडी जपूनच चालवाया पायजे. लांबच्या वाटंला मीच न्हेतो."

मामा विचारात पडले. चावी त्यांनी कुणालाच दिली नाही, खिशात टाकली. "बघू," एवढंच म्हणाले. जाताना गाडी सिद्धूने चालवली. खिडकीतून रेणुका मला म्हणाली, "खरं सांगितलंत. पन त्येला पायजे तेवढंच त्येनं ऐकलं की."

या कामातली कुठली एक गोष्ट मनाला लागून राहिली असेल तर ती ही. बोललो त्यात खोटं काही नव्हतं. आजही तेच सांगेन. पण गाडीचं निदान सांगताना ते कुणाच्या घरात जाऊन काय करील, याचा अंदाज आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही. नंतर मी दोनदा फोन लावला. मामांचा फोन वस्तीवर बहुतेक लागतच नाही. पुढच्या सर्व्हिसिंगची वेळ आली आणि गेली, पिकअप आली नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो. इंजिन गेलं असेल, नाहीतर चावी गेली असेल. फाटकातून छोटी पिकअप आली की रफिकभाई मान उंच करून बघायचा आणि माझ्याकडे बघून नक्को म्हणून हात हलवायचा.

मधल्या काळात मी माझ्या परीने एक नियम पक्का केला. फिल्टर मळलेला दिसला म्हणून साफसफाई हवी असं नाही, आणि कोरा दिसला म्हणून नको असंही नाही. गाडी कुठे उभी राहते, कुठून जाते, कुठल्या जत्रेला जाते ते आधी विचारायचं. मग फिल्टरच्या पुढे टॉवेल फिरवायचा. वाचकांनीही सर्व्हिस सेंटरमधून फोन आला तर एवढंच म्हणावं, "आधी दाखवा." दाखवणारा दाखवील. नाही दाखवलं, तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालंच.

हा लेख इथेच संपवून मी मॅडमना देणार होतो. पण गेल्या आठवड्यात स्पेअर पार्टच्या काउंटरवर एक माणूस उभा दिसला. केसांत, भुवयांत, कानामागे पिवळा रंग. दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा वाकलेला. सिद्धू होता.

"फिल्टर पायजे," तो म्हणाला. "रेणुकानं धाडलंय. कालच जत्रा झाली. ती म्हनती, जुना टाकायचा, नवा बसवायचा."

"म्हणजे गाडी चांगली आहे?"

"लई चांगली. तेल न्हाय खात, धूर न्हाय. लांब पडतंय म्हनून सर्व्हिसिंग दुधनीतच करती."

"आणि जत्रेत? या वेळी फिल्टर काढला नाही ना?"

"काढतीया कुटली! फिल्टर आत, वरनं नळीच्या तोंडाला टॉवेल बांधला. मंग म्हनली, आता गाडी चालूच करायची न्हाय." सिद्धूने कमर चोळली. "आख्खी जत्रा गाडी बंद. अप्पा पालखीसंगं म्होरं. स्टेरिंगवर ती, ऐटीत."

"मग गाडी पुढे गेली कशी?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि पिवळ्या भुवया वर केल्या.

"आमी ढकलली की."